सल्ला : सहाशे इडियम पाठ केले, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं :

"सर, मी यावल तालुक्यातली. बी.कॉम. झालंय. सकाळी फैजपूरच्या अभ्यासिकेत बसते आणि दुपारनंतर सावद्याकडे केळी एक्स्पोर्ट करणाऱ्या एका फर्मच्या ऑफिसात मेल आणि कागदपत्रं बघते. भरतीच्या परीक्षांसाठी एका गाईडमधले सहाशे इडियम पाठ केले. पेपरात मात्र सगळ्यांची खिचडी होते, 'इलेव्हन्थ अवर' कुठला आणि 'सिक्सेस अँड सेव्हन्स' कुठला हेच आठवत नाही. त्यात गेल्या महिन्यात घोळ झाला. आमच्या ट्रक ड्रायव्हरचे वडील वारले, म्हणून गाडी एक दिवस उशिरा निघाली. मी दुबईच्या पार्टीला लिहिलं, 'ड्रायव्हर्स फादर हॅज किक्ड द बकेट'. गाईडमध्ये अर्थ 'मरण पावणे' असाच होता. तिकडच्या मॅनेजरनं आमच्या शेठना फोन लावला, तुमच्याकडे मयताबद्दल असं लिहितात का? तेव्हापासून साधा मेल लिहायलाही हात धजत नाही. आणि तिकडून येणाऱ्या मेलमध्ये 'बॉलपार्क फिगर', 'हेड्स-अप' असलं काय काय असतं, ते गाईडमध्ये सापडत नाही. जळगावचे एक क्लासवाले महिनाभरात हजार इडियम करून घेतो म्हणतात. फी भरू का?"

ताई, आधी त्या मेलचं बघू, कारण तुझं बाकी सगळं दुखणं त्यातच आहे.

गाईडनं तुला खोटं सांगितलं नाही. 'किक द बकेट' म्हणजे मरणेच. पण आपल्याकडेही माणूस वारतो, त्याचं निधन होतं, तो देवाघरी जातो, जातो नुसता, खपतो आणि गचकतोही. अर्थ सगळ्यांचा एकच. म्हणून तू कोणाच्या दारावर बसायला गेलीस तर "काका कधी गचकले?" असं विचारशील का? 'किक द बकेट' हा त्या गचकण्याच्या रांगेतला आहे. मित्रामित्रांत, चेष्टेत, नाहीतर "जुना फ्रीज गचकला" अशा थाटात तो चालतो. ज्याच्या घरी सुतक आहे त्याच्याबद्दल नाही. इंग्रजांकडे म्हातारं माणूस भरल्या घरातून गेलं तर 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणण्याची पद्धत आहे, क्रिकेटवरून आलेली आणि बऱ्यापैकी मायेची. पण तेही घरच्यांनी किंवा अगदी जवळच्यांनी म्हणावं, केळीच्या मालाच्या मेलमध्ये आपण नाही. तिथे 'पास्ड अवे' एवढंच. "द ड्रायव्हर्स फादर पास्ड अवे यस्टरडे, सो द ट्रक विल लीव्ह टुमॉरो मॉर्निंग." झालं. असं लिहिलं असतंस तर त्या मॅनेजरनं दोन ओळी सांत्वनाच्या पाठवल्या असत्या.

म्हणजे तुझं पाठांतर कमी पडलं नाही. त्या यादीतच दोन रकाने कमी आहेत : हे कोण कोणाला म्हणतं, आणि आज कोणी म्हणतं का. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गाईडमध्ये पावसासाठी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' दिमाखात बसलेला असतो. तिकडे धो धो पाऊस लागला की लोक बहुतेक वेळा साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. कुत्र्यामांजरांचा पाऊस आता शाळेच्या पुस्तकांतच जास्त पडतो. तो चुकीचा नाही, जुना झालाय एवढंच.

आता तुझ्यापुढे दोन वेगळी कामं आहेत आणि तू ती एकाच वहीत कोंबली आहेस. परीक्षेला इडियम नुसता ओळखायचा असतो. नोकरीत तो समजून घ्यायचा असतो आणि क्वचित कधीतरी वापरायचा. ओळखायचे हवे तेवढे वाढव. वापरायचे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच ठेव, निदान वर्षभर तरी.

परीक्षेचं आधी. २०२३ च्या तलाठी भरतीच्या पेपरात शंभर प्रश्न होते आणि त्यांतले पंचवीस इंग्रजीचे. त्या पंचविसात व्याकरण, समानार्थी शब्द, उतारा सगळं आलं, इडियमच्या वाट्याला थोडेच प्रश्न येतात. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत ते ठरलेलेच असतात, पण तिथेही चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, कोऱ्या कागदावर अर्थ लिहायचा नसतो. तेव्हा सहाशेच्या सहाशे घोकण्यात रात्रीचा दिवस करण्यात हशील नाही. गेल्या चार-पाच वर्षांचे पेपर काढ आणि त्यांत आलेले इडियम वेगळे लिही. तेच ते फिरून फिरून येतात हे तुझं तुलाच दिसेल : 'बोल्ट फ्रॉम द ब्लू', 'स्मेल अ रॅट', 'मेक बोथ एंड्स मीट', 'बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स', 'बाय हुक ऑर बाय क्रुक'.

घोळ का होतो तर नुसता शब्द आणि नुसता अर्थ, मध्ये काहीच नाही. मध्ये एखादी गोष्ट असली की सुटत नाही. तुझा 'इलेव्हन्थ अवर' घे. हा बायबलमधल्या मजुरांच्या गोष्टीतून आला. एका मळेवाल्यानं पहाटे चौकात जाऊन द्राक्षमळ्यासाठी मजूर लावले, दिवसाची मजुरी ठरवली. पुन्हा तिसऱ्या तासाला गेला, आणखी मजूर उभे दिसले, त्यांनाही नेलं. सहाव्याला, नवव्याला तसंच. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला जेमतेम तास उरलेला असताना, अजून काही जण काम मिळेल म्हणून उभेच होते. त्यांनाही घेतलं. त्या काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बारा तासांचा धरत, म्हणून अकरावा तास म्हणजे आपले साधारण संध्याकाळचे पाच. रात्रीचे अकरा नव्हेत. संध्याकाळी मजुरी वाटली तर शेवटी आलेल्यांनाही तेवढीच, दिवसभर उन्हात राबलेल्यांनाही तेवढीच. मग पहाटेपासून आलेल्यांनी तक्रार केलीच. (केळीच्या कापणीवर असं करून बघ म्हणावं कोणाला, टोळी दुसऱ्या दिवशी फिरकायची नाही.) ती गोष्ट खरं तर देवाच्या कृपेबद्दल आहे, पण इंग्रजीत वाक्प्रचार उरला तो 'अगदी शेवटच्या घटकेला', आपण ज्याला ऐनवेळी म्हणतो तो. पाच वाजता चौकात उभे असलेले ते मजूर एकदा डोळ्यांसमोर आले की तो 'सिक्सेस अँड सेव्हन्स'मध्ये मिसळणार नाही. तो दुसरा फाशांच्या खेळातून आला असावा असं मानतात आणि त्याचा अर्थ सगळा सावळागोंधळ.

मात्र या उगमकथांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. गवती छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज तुलाही आला असेल. तो बनाव आहे. लक्षात ठेवण्यापुरती गोष्ट वापर, मुलाखतीत मात्र ठासून सांगू नकोस.

परीक्षेची आणखी एक खोच. इडियममधले शब्द सहसा जागचे हलत नाहीत. आपण कंबर कसतो, 'कटी आवळत' नाही. तसंच तिकडे 'बकेट'च्या जागी दुसरं भांडं आणलं किंवा 'द'च्या जागी 'अ' घातलं की त्याचा इडियमपणा गेला, राहिली नुसती बादली. चुका शोधायच्या प्रश्नात पेपर काढणारे नेमकं हेच करतात : 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ'मधला 'ओव्हर' गाळतात. म्हणून पाठ करायचाच तर बारीकसारीक शब्दांसकट अख्खा पाठ कर, मोठ्यानं म्हणून.

आता जरा धीराची गोष्ट. तुला वाटतं त्यापेक्षा किती तरी जास्त इंग्रजी वाक्प्रचार तुला आधीच येतात, कारण मराठी वर्तमानपत्रांनी ते कधीच आपल्या घरात आणून ठेवले आहेत. 'सिंहाचा वाटा' हा त्यांचा 'लायन्स शेअर', 'पांढरा हत्ती' हा 'व्हाइट एलिफंट'. 'लाल फीत' म्हणजे 'रेड टेप', विलायतेतल्या सरकारी कचेऱ्यांत दस्तऐवज लाल फितीनं बांधायचे त्यावरून आलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून आपण बिनदिक्कत 'हिमनगाचं टोक' म्हणतो, आणि मंत्र्यांनी योजनेला 'हिरवा कंदील' दाखवला म्हणतो तेव्हा भुसावळच्या माणसाला तर तो घरचाच वाटतो. मग काही असे की दोन्हीकडे कल्पनाच सारखी : आगीत तेल ओतणं, डोळेझाक करणं, रंगेहाथ पकडणं, एवढंच काय, लोणी लावणंसुद्धा. तिकडे ते 'बटर अप' होतं. गाईड उघड आणि असे सगळे पेन्सिलनं खोडून टाक. बरंच ओझं कमी होईल.

खरा धोका असतो तो दिसायला मराठीसारखे आणि अर्थानं भलतेच असणाऱ्यांचा. यांना जास्त वेळ दे. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मुद्दाम मागे खेचणं, भावकीतला आवडता उद्योग. 'पुल समवन्स लेग' म्हणजे मात्र निव्वळ फिरकी घेणं, त्यात खुन्नस नाही. साहेब हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग' म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस. 'ॲट द एंड ऑफ द डे' मेलमध्ये आला की तो बहुतेक वेळा संध्याकाळचा नसतोच, 'शेवटी काय, तर' एवढाच त्याचा अर्थ. 'कट कॉर्नर्स' म्हणजे जवळच्या वाटेनं जाणं नव्हे. पैसा किंवा वेळ वाचवायला कामात कसर ठेवणं, अशी ती तक्रार आहे. तुमच्या पॅकिंगबद्दल कोणी असं लिहिलं तर ताबडतोब शेठच्या कानावर घाल. 'टेबल' करणं तर गोऱ्यांतही एकमेकांना कळत नाही : ब्रिटिश माणूस विषय टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकन टेबल करतो म्हणजे बाजूला ठेवतो. आणि बायोडेटात 'आय पास्ड आउट इन अमुक साली' हे आपण सर्रास लिहितो. आपल्या देशात ते कळतं, बाहेर सरळ बेशुद्ध पडलीस असं वाचतील. 'ग्रॅज्युएटेड' लिही.

तुझ्या ऑफिसातल्या मेलमधले शब्द गाईडमध्ये का नाहीत? कारण गाईडं एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि आज दुबईत बसून खरेदी करणारा माणूस बोलतो ते धंद्याचं इंग्रजी, अर्धं अमेरिकेकडून आलेलं. 'बॉलपार्क फिगर' हा बेसबॉलच्या मैदानावरून आला, अर्थ अंदाजे आकडा. पुढच्या आठवड्यात किती कंटेनर निघतील, बॉलपार्क फिगर द्या, असं आलं तर बागबाग फिरून घड मोजत बसायचं नाही. "अराउंड फोर" लिहून मोकळं व्हायचं. त्याच्याऐवजी 'फर्म फिगर' मागितला तर मात्र तोच आकडा पाळावा लागेल. 'हेड्स-अप' म्हणजे आधी दिलेली कल्पना : बंदरावर गर्दी आहे, कापणी दोन दिवस लांबणार आहे, तर आम्हाला हेड्स-अप द्या. 'टच बेस' म्हणजे थोडं बोलून घेऊ. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' म्हणजे आता निर्णय तुमचा, आम्ही थांबलोय, आणि हे वाचलं की उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. 'पेमेंट इज इन द पाइपलाइन' आलं तर जळगावच्या माणसाला आधी पीव्हीसीच आठवणार, पण अर्थ एवढाच की काम सुरू झालंय, हातात अजून काही नाही. माझं ऐकशील तर अशा मेलला आभार मानून खाली 'बाय व्हॉट डेट?' असं साध्या इंग्रजीत विचार.

हे शब्द गोळा करायला तुझ्या ऑफिसचा इनबॉक्सच पुरेसा आहे. आलेलं अख्खं वाक्य वहीत उतरवून घे, शेजारी ते कोणी, कशासाठी लिहिलं ते लिही. तोच शब्द वेगळ्या माणसाकडून, वेगळ्या प्रसंगात पुन्हा दिसला की खूण कर. दोन-तीन खुणा झाल्या की तो शब्द तुझा झाला, मग खुशाल वापर. अडलं तर ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. मोबाईलवरच्या भाषांतरापेक्षा ते बरे, कारण इडियमपुढे 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ह्यूमरस' अशी खूण असते. 'किक द बकेट' तिथे पाहिलं असतंस तर पहिली खूणच हात धरून थांबवती झाली असती. क्रिकेट आवडत असेल तर इंग्रजी कॉमेंट्री ऐक. 'ऑन द बॅक फूट' हा तिथूनच ऑफिसात आलाय. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की ती चिकट होऊन चेंडू वेडावाकडा उडायचा. तीच 'स्टिकी विकेट', म्हणजे अडचणीची परिस्थिती.

केळीच्या धंद्यात आहेस म्हणून थोडं केळ्यांबद्दल. इंग्रजीत केळ्याला मान नाही, हे सावद्याच्या माणसाला सांगताना जिवावर येतं. 'गो बनानाज' म्हणजे वेड लागल्यासारखं करणं. 'बनाना स्किन' म्हणजे भल्याभल्यांची जिथे फजिती होते अशी घसरडी जागा. 'टॉप बनाना' म्हणजे सगळ्यांत वरचा साहेब, 'सेकंड बनाना' त्याच्या हाताखालचा. दोन्ही अमेरिकेतल्या विनोदी नाटकमंडळ्यांतून आलेले, तेव्हा शेठना कौतुकानं टॉप बनाना म्हणायला जाऊ नकोस. 'बनाना रिपब्लिक' तर चक्क शिवी आहे. १९०४ मधल्या एका अमेरिकी पुस्तकातून तो शब्द रूढ झाला : केळीच्या एकाच पिकावर जगणारे आणि परदेशी फळकंपन्यांच्या मुठीत असलेले मध्य अमेरिकेतले देश. आज कुठल्याही अंदाधुंद कारभाराला तो लावतात. त्याउलट 'कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' हा मला फार आवडतो. न्यूकॅसल हे एके काळी इंग्लंडातलं कोळशाचं मोठं बंदर होतं, तिथे कोळसा घेऊन जाणारा शहाणा किती! हा पेपरात आला तर रावेरला केळी विकायला निघालेला माणूस आठव.

मेल लिहिताना, ताई, इडियम घातल्यानं इंग्रजी भारी होतं हा समज आधी काढून टाक. तो आपल्या शाळेतल्या 'वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'मधून आलाय. (तिथेही निम्मा वर्ग "कंबर कसणे म्हणजे काय ते मला बाईंनी सांगितले" असं लिहून एक मार्क लाटायचा.) समोरचा बहुधा केरळचा, इजिप्तचा नाहीतर फिलिपिन्सचा असतो, त्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते. त्याला बॉक्स किती, माल कोणत्या ग्रेडचा, कंटेनर कधी सुटला, एवढं नीट कळलं की तो खूश. झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी पाठवून टाक, महिना झाला असला तरी चालेल : "आय ॲम सॉरी फॉर द वर्ड्स आय युज्ड अबाउट अवर ड्रायव्हर्स फादर. आय डिड नॉट नो दे वेअर डिसरिस्पेक्टफुल." सारवासारव नको, गाईडचं नाव नको. मेल शेठना दाखवून पाठव, म्हणजे त्यांच्याही मनातलं निघून जाईल.

राहिला क्लास. महिनाभरात हजार म्हणजे दिवसाला तेहतीस-चौतीस झाले, आणि ते पुन्हा शब्द आणि अर्थ या दोनच रकान्यांत. फी भरू नकोस. भरून बसली असशील आणि परत मिळणार नसेल तर जा, पण त्यांना सांग की इडियमच्या तासाला मी बसत नाही, मला प्रीपोझिशन आणि आर्टिकलचे तास द्या. तुझ्या पत्रात इंग्रजीची जी चार वाक्यं होती त्यांत तीन ठिकाणी 'द' निसटलाय.